सावलीत लावलेली गाडी

पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा माझ्या धंद्याचा नियम आहे. मी मस्कतमधल्या एका विमा कंपनीत मोटार सर्व्हेअर आहे. लोक गाड्या ठोकतात आणि मला येऊन सांगतात, की विजेचा खांब मध्ये आला. अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात बसून गेली बावीस वर्षं मी असे मध्ये येणारे खांब, अचानक उगवलेले उंट आणि दगड मारून पसार झालेली अज्ञात मुलं ऐकत आलोय. या माणसांवर विश्वास ठेवला असता तर कंपनी केव्हाच बसली असती. माझ्या संशयावर ती उभी आहे असं आमचे जनरल मॅनेजर एकदा निरोप समारंभात म्हणाले होते. निरोप दुसऱ्याचा होता, पण बोलले माझ्याबद्दल.

तर एका गुरुवारी संध्याकाळी घरी आलो आणि पाहतो तो जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी एक कागद आणि त्यावर पेन. पेनचं टोपण आधीच काढून ठेवलेलं. टोपण काढलेलं पेन समोर आलं की मी सावध होतो.

"एनओसी आहे," आमची मनाली म्हणाली. "बाबा, जस्ट साइन कर ना."

इथे एनओसीशिवाय पान हलत नाही, हे मान्य. पण ही एनओसी होती मनालीला कॉलेजच्या बेसबॉल टीमबरोबर चार दिवस दुबईला पाठवण्याची. माझी मुलगी बेसबॉल खेळते, ही बातमी मला त्या कागदावरून कळली. एकोणीस वर्षं जिला ओळखतो असं समजत होतो, तिची माहिती मला अर्ज वाचून मिळावी!

"हे कधीपासून?"

"लास्ट इयरपासून. मी सांगितलं होतं."

"कधी?"

"तू न्यूज बघत होतास."

हा पुरावा मी ग्राह्य धरत नाही. मी सांगून टाकलं, पाहिल्याशिवाय सही नाही. मनालीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "फाइन. मग सॅटर्डेला ये आणि बघ. इब्राच्या कॉलेजबरोबर मॅच आहे. पण कोचला सहा वाजेपर्यंत लेटर हवं. नाहीतर माझ्या जागी दुसरी जाणार." एवढं बोलून ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता बघा, मुलं आईबापांना कॉलेजात कधी बोलावतात का? मला तिचं बोलावणंच खटकलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दर शनिवारी 'लायब्ररी'त जाणं. लायब्ररीतून आल्यावर बुटांना माती. दंडावर निळा डाग, विचारलं तर "शेल्फ लागलं". आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन महिन्यांपूर्वी आमच्या गाडीच्या मागच्या दारावर पडलेला गोल पोचा. त्या पोच्याबद्दल माझा संशय शेजारच्या बदरुद्दीनभाईंवर होता. त्यांची गाडी माझ्या शेजारी लागते आणि ते दार उघडताना पाय लावून उघडतात, हे मी गॅलरीतून तीनदा पाहिलंय. तेव्हापासून मी त्यांच्याकडे चहाला जायचं कमी केलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. संशयिताला आधी कळू द्यायचं नसतं.

तरी त्या रात्री सल्ल्याला त्यांच्याकडेच जावं लागलं. दुसरं आहे कोण! बदरुद्दीनभाई मूळचे दापोलीकडचे, रुवीत टाइल्सचं दुकान, चार मुलींचे बाप. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"उत्तमभाऊ, पोरगी बापाला कॉलेजात बोलावते म्हणजे दोनच गोष्टी. एक तर नापास, नाहीतर निकाह."

"काहीतरीच काय बोलता!" आतून जोहराभाभी ओरडल्या. "पोर खेळते, बघायला बोलावते, त्यात काय?"

"मग क्रिकेट का नाही?" बदरुद्दीनभाईंनी विचारलं. खरोखर बिनतोड प्रश्न होता. चेंडू आणि फळीचा इतका चांगला खेळ घरचा असताना मुलगी दुसरीकडचा घेते, म्हणजे कुणीतरी शिकवलं असणार. "तुम्ही जा. पण मॅचकडे बघू नका. आजूबाजूला बघा."

हा सल्ला मला फार आवडला, हे पुढच्या सगळ्याचं मूळ आहे.

कॉलेजात शिरायला ऑनलाइन पास लागत होता. पासात 'विद्यार्थ्याशी नातं' असा रकाना आणि नात्याचा पुरावा. माझ्या पासपोर्टवर मी उत्तम रेडीज. मनालीच्या पासपोर्टवर, ज्या कारकुनाने तो भरला त्याच्या कृपेने, आडनाव रिकामं आणि नाव 'मनाली उत्तम'. संगणक म्हणाला, नातं जुळत नाही. मी फोन केला. पलीकडची बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही वडील आहात हे मी मान्य करते, पण सिस्टीम करत नाही." शेवटी मी जन्मदाखला, व्हिसाची प्रत आणि मनालीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो जोडला. फोटोची गरज नव्हती असं माझी बायको सुगंधा म्हणते. पास आला हे खरं. सुगंधाचा पास अर्ध्या मिनिटात आला, कारण तिने नात्याच्या रकान्यात 'पाहुणी' लिहिलं.

शनिवारी दुपारी दोनला आम्ही अल खौदच्या पुढे त्यांच्या मैदानावर पोचलो. नोव्हेंबर होता, म्हणजे स्टीअरिंग हाताला भाजत नव्हतं. पण या देशात बावीस वर्षं काढलेला माणूस नोव्हेंबरातही आधी सावली शोधतो. बायकोला एक वेळ उन्हात उभी करेल, गाडी नाही करणार. मैदानाच्या या बाजूला साठ-सत्तर गाड्या रखरखीत उन्हात ओळीने उभ्या होत्या. आणि मैदानाच्या पार पलीकडे, जाळीमागे, गाफच्या झाडाची अशी दाट, ऐसपैस सावली. तिथे एकही गाडी नाही!

मी तिकडे निघालो तसा सिक्युरिटीवाला हात हलवत धावत आला. "सर, उधर नहीं! बॉल आएगा!"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढी सावली हा कुणासाठी राखून ठेवतोय, हे मी लगेच ओळखलं. कुणा डीनची गाडी येणार असणार. "बॉल इथून तिथे? मुलींची मॅच आहे ना?" मी हसून म्हणालो आणि गाडी झाडाखाली नेऊन, तोंड मैदानाकडे करून लावली.

"अहो, सगळ्यांनी तिकडे लावल्यात," सुगंधा म्हणाली.

"सगळ्यांना कळत नाही."

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला. तेवढा रिकाम्या सावलीवर घ्यायचा राहिला.

बसायच्या जागेचंही तसंच. दोन बाजूंना दोन मांडव. एक पूर्ण उन्हात, एकावर छान सावली. उन्हातल्या मांडवात आमच्या कॉलेजचे लोक निळ्या टोप्या घालून बसलेले. मी सावलीत गेलो. तिथल्या टोप्या हिरव्या आहेत हे बसल्यावर लक्षात आलं. ती सगळी मंडळी सकाळी बसने इब्राहून आली होती. सुगंधा दारातच थांबली. "मी शत्रूत बसणार नाही," म्हणाली आणि छत्री उघडून पलीकडे चालती झाली.

मी उठणार, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी माझा हात धरला. अंगात पांढरी शुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात थर्मास. "बैठो सदीक, उधर शम्स बहुत है," म्हणजे ऊन फार आहे, असं म्हणत त्यांनी माझ्या हातात कॉफीचा इवलासा कप आणि तीन खजूर ठेवले. यांचं नाव जमाल. इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दुकान आणि हिंदी तिथल्या कामगारांकडून शिकलेली. त्यांची मुलगी वजीरा त्यांच्या टीमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. ओमानी माणसाची कॉफी हातात घेतली की उठून जाता येत नाही. कप हलवून 'पुरे' म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. पण तो रिकामा व्हायच्या आत ते भरत होते.

खेळ सुरू झाला आणि माझी खात्री पटली, की इथे काहीतरी शिजतंय.

मागे बसून चेंडू पकडणारी मुलगी दोन गुडघ्यांच्या मध्ये हात लपवून बोटांनी खुणा करत होती. चेंडू टाकणारी त्या खुणा बघून मान हलवत होती, कधी हो, कधी नाही. कोपऱ्यात उभी असलेली इब्राची कोच आधी नाकाला हात लावायची, मग टोपीला, मग कोपराला, मग परत नाकाला. माणसाचं नाक एका दुपारी इतक्या वेळा खाजत नाही. आणि मग, चेंडू कुणी मारलेलाच नसताना, इब्राची एक मुलगी पहिल्या जागेवरून धूम पळाली आणि दुसऱ्या जागेवर जाऊन बसली. कुणी काही बोलेना!

"ये क्या हुआ?" मी जमालना विचारलं.

"सरका," ते आनंदाने म्हणाले. म्हणजे चोरी. मुलीने त्यांना नियम समजावले होते. "ये अलाउड है."

"चोरी अलाउड?"

"माफी मुश्किल." म्हणजे काही हरकत नाही.

मी उभा राहिलो आणि पंचांना ओरडून सांगितलं, की ही चोरी आहे, सगळ्यांदेखत झालीय आणि त्याआधी त्या बाईंनी दोनदा नाकाला हात लावलाय. सगळा हिरवा मांडव माझ्याकडे पाहायला लागला. पलीकडे निळ्या मांडवातली एक छत्री हळूच खाली झुकली आणि तिच्यामागे सुगंधा दिसेनाशी झाली. मैदानात मनालीने टोपी डोळ्यांवर ओढली. पंचबाई जवळ येऊन म्हणाल्या, "अंकल, प्लीज." बावीस वर्षांच्या अनुभवाची किंमत एक प्लीज.

मी बसलो. पण खिशातली वही काढली आणि खुणा लिहून काढायला लागलो. बदरुद्दीनभाईंनी सांगितलंच होतं, मॅचकडे बघू नका. नाक-टोपी-नाक, पळाली. टोपी-कोपर, नाही पळाली. जमाल माझ्या वहीत डोकावत होते. मनाली पहिल्यांदा बॅट घेऊन आली आणि वजीराच्या तीन चेंडूंत परत गेली. जमालनी टाळ्या वाजवायला हात उचलले, माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवले. फार सज्जन माणूस. दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. परत जाताना ती आधी निळ्या मांडवाकडे बघत होती आणि मग हिरव्या. मी हात केला. तिला दिसला की नाही कोण जाणे.

पावणेपाच वाजले असतील. मला खुणांची किल्ली सापडत आली होती. आता ही बाई इशारा देते तो नाकाने नाही, नाकानंतर जे येतं त्याने, असं माझ्या लक्षात आलं आणि मी मान खाली घालून ते लिहीत होतो. तेवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. मोठा, कोरडा, स्वच्छ आवाज. सगळा मांडव उभा राहिला. जमाल "या सलाम!" म्हणत उभे राहिले. मी मान वर केली, तर सगळे आकाशाकडे बघतायत. आकाशात मला काही दिसेना. मग सगळे एकदम गप्प झाले. आणि लांबून एका गाडीचा अलार्म वाजायला लागला.

स्वतःच्या मुलाचं रडणं आई हजारांत ओळखते म्हणतात. मी माझा अलार्म ओळखला.

मी पळालो. वही, खजूर, कप सगळं टाकून मैदानाच्या कडेने पळालो. लोकांना वाटलं, बापाला आनंद झालाय. निळ्या मांडवाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मनाली चारही जागांना फेरी मारून, हात वर करून, मैत्रिणींच्या घोळक्यात परत येत होती आणि मी नेमका उलट्या दिशेने, तिच्याकडे पाठ करून धावत होतो. हे मला त्या वेळी कळलं नाही. नंतर सुगंधाने सांगितलं. अजूनही अधूनमधून सांगते.

गाडीच्या पुढच्या काचेवर कोळ्याने घाईघाईत जाळं विणावं तसे तडे. चेंडू बॉनेटवरून घरंगळून टायरजवळ पडलेला. सिक्युरिटीवाला आधीच तिथे हजर होता. फक्त झाडाकडे बघत राहिला.

मॅच संपली साडेपाचला. आम्ही हरलो. मनाली बूट काढून, मोज्यांवरच धावत गाडीपाशी आली. मागे सुगंधा, त्यांच्यामागे थर्मास घेऊन जमाल. मनालीने काचेकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, पाहिलंस?"

माझ्यासमोर शेकडो माणसं खोटं बोलली आहेत. किती सोपं असतं ते! 'हो' म्हणायचं फक्त. पण तिच्यामागे सुगंधा उभी होती आणि सुगंधाने माझी पाठ पाहिली होती.

"नाही," मी म्हणालो. "मी लिहीत होतो."

मनालीचं तोंड एवढंसं झालं. "इट्स ओके," ती म्हणाली. मुलं इट्स ओके म्हणतात तेव्हा काहीही ओके नसतं, एवढं मलाही कळतं. तिने बॅगेतून तो कागद काढला, पाहिला आणि परत आत ठेवायला लागली. माझाच नियम पाळत होती पोरगी. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! काचेचं नाही, त्या कागदाचं.

"थांब," मी म्हणालो.

आणि मला जे एकच काम येतं ते मी करायला लागलो. डिकीतून मोजायचं चाक काढलं. काचेपाशी वाकलो. "तडे खाली लांब गेलेत, वर आखूड. म्हणजे चेंडू सरळ आला नाही, खूप उंचावरून खाली पडला. मधे टप्पा नाही. टप्पा पडला असता तर चेंडूला माती असती आणि काचेवरही असती. काच कोरडी स्वच्छ आहे. तिथून बॉनेटवर आला, हे बघ, धुळीत शिवणीचे टाके उमटलेत. आणि गाडी मैदानाच्या उजव्या टोकाला आहे. तू उजव्या हाताने खेळतेस. म्हणजे तुझी बॅट जरा उशिरा आली. चेंडू जलद होता, थोडा बाहेर होता, तू आधी सोडणार होतीस आणि मग मारलास."

मनाली डोळे मोठे करून बघत होती. "कोच पण हेच म्हणाली. सेम. लेट स्विंग."

"एग्झॅक्ट!" जमाल म्हणाले. "बाहर था. मैं देखा."

मी चाक घेऊन मैदानात उतरलो आणि ती बॅट घेऊन जिथे उभी होती तिथपासून गाडीपर्यंत मोजत आलो. जमाल बरोबर चालले, आकडा चुकू नये म्हणून. चौऱ्याहत्तर मीटर. मी परत एकदा मोजलं. चौऱ्याहत्तरच.

"मनू," मी म्हणालो, "एवढ्या लांब मला चेंडू फेकतासुद्धा येणार नाही गं."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग नाक पुसत म्हणाली, "बाबा, मागच्या दारावरचा डेंटपण माझाच आहे. प्रॅक्टिस करताना. सॉरी." सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. बदरुद्दीनभाईंचा न घेतलेला दोन महिन्यांचा चहा माझ्या डोळ्यांपुढून गेला. सहाला दहा मिनिटं कमी असताना त्याच बॉनेटवर कागद ठेवून मी सही केली. बावीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टीवर केलेली पहिली सही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काचेची भरपाई घ्यायची होती. विमा आमच्याच कंपनीचा, आणि स्वतःच्या गाडीचा सर्व्हे स्वतः करता येत नाही, म्हणून आला धनेश. मीच तयार केलेला मुलगा. अर्जही मीच तयार केलेला. त्यातला प्रश्न चौदा, 'आपण अपघात प्रत्यक्ष पाहिला का?', हा तर खास माझा. लोक तिथेच अडकतात, असं मी धनेशला शिकवलं होतं.

"साहेब, चौदामध्ये 'नाही' लिहिलंय," धनेश म्हणाला.

"नाहीच पाहिला."

"नुकसान करणारी व्यक्ती, मुलगी. साक्षीदार, विरुद्ध टीमच्या पिचरचे वडील. अंतर चौऱ्याहत्तर मीटर." तो खुर्चीत जरा मागे टेकला. अगदी माझ्यासारखा. "साहेब, असा क्लेम दुसऱ्याने आणला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

बिचाऱ्याने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक करा. मुलीचं नाव काढा. 'चेंडू कोणी मारला माहीत नाही' एवढं लिहा. अज्ञात व्यक्ती. मी आज पास करतो."

अज्ञात व्यक्ती! माझा पारा असा चढला की विचारू नका.

"लिहिणार नाही," मी म्हणालो. "माझ्या मुलीने मारलाय. तिचं नाव आहे मनाली. स्पेलिंग बरोबर लिही."

काच मी पदरची बसवली. मनाली दुबईला गेली, दोन मॅच हरून आणि नाक सोलवटून परत आली. कप नाही, मेडल नाही. पण आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर फ्रेम करून एक कागद लावलेला आहे. आल्यागेल्याला आधी तो वाचायला लागतो. बदरुद्दीनभाई हल्ली रोज चहाला येतात आणि रोज मोठ्याने वाचतात. कंपनीचं लेटरहेड, गोल शिक्का, खाली धनेशची सही.

'क्लेम नामंजूर. कारण, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने इतक्या अंतरावर चेंडू मारणे अशक्य वाटते.'